चारनंतरचं कपाट

आमच्या कॉलेजातले केमिस्ट्रीचे एक प्राध्यापक रोज चारनंतर विद्यार्थ्यांना स्वतःच्या हाताने सिगरेटी देतात, असं मी कॉलेजच्या अधिकृत अहवालात लिहून दिलं. कोणी माझ्या मानेवर सुरी ठेवली नव्हती. उलट मी ते फार मन लावून लिहिलं, दोनदा खाडाखोड केली आणि वर 'उत्तम उपक्रम' असा मथळा दिला.

ते प्राध्यापक म्हणजे उतेकर सर. गेल्या पावसाळ्यात ते गेले. त्यांच्यावर कोणी लिहायचं, असा प्रश्न स्टाफरूममध्ये निघाला तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मराठी शिकवतो म्हणून बघितलं, असं मी धरून चाललो आहे.

सर पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका वाडीतले. त्या वाडीतल्या बहुतेक घरांना वर्षभर कुलूप असतं आणि शिमग्याला मुंबईची माणसं येऊन ती उघडतात. सर महाडात दोन खोल्यांत एकटे राहत. पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा डोंबिवलीला. तो बोलवायचा, सर जायचे आणि चौथ्या दिवशी परत यायचे. "गॅलरीत उभं राहिलं की समोर दुसऱ्याची गॅलरी," ते म्हणत. "आणि त्यात उभा असलेला म्हातारा माझ्यासारखाच. दोघं एकमेकांकडे बघतो आणि आत जातो."

त्यांच्या उजव्या कानावर कायम खडूची पांढरी रेघ असे. खडू घेतला की ते आधी त्याचं टोक टेबलावर दोनदा आपटत, मग दोन बोटांत धरत आणि समीकरण अर्धं झालं की तो कानावर खोचत. बिडी सुटून त्यांना वीसेक वर्षं झाली होती, हाताला मात्र ते कोणी कळवलं नव्हतं.

आम्हा प्राध्यापकांना ते विषयाच्या नावाने हाक मारत. "काय भूगोल, पाऊस कधी?" "कॉमर्स, डब्यात काय?" मी 'मराठी'. त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान असल्याने प्राचार्यांसमोर 'तुम्ही', एरवी 'तू'. लॅबमध्ये त्यांचा चहा बीकरमध्ये असे. त्या बीकरवर मार्करने 'चहा' लिहिलेलं होतं. पहिल्या भेटीत मी शेजारचा बीकर उचलून तोंडाला लावला. त्यात नुसतं मिठाचं पाणी होतं, म्हणून हे लिहायला मी आहे. सरांनी चूळ भरायला पाणी दिलं आणि म्हणाले, "मराठी, तुला वाचता येतं ना?"

कॉलेजात व्यसनमुक्ती समिती असते. तिचं अध्यक्षपद कोणालाच नको असतं, कारण अध्यक्षाला जिमखान्यामागे जावं लागतं. तिथे एक जुनी पाण्याची टाकी आहे आणि टाकीमागे मुलं. आधीच्या अध्यक्षांची पद्धत सरळ होती: पकडायचं, आयकार्ड काढून घ्यायचं, बापाला बोलवायचं. बाप नाते गावाहून किंवा कुठल्या तरी वरच्या वाडीवरून दिवसाचं काम बुडवून यायचा, ऑफिसच्या दाराशी चपला काढून उभा राहायचा आणि वरच्या खिशातली तंबाखूची पुडी बोटाने आत ढकलत विचारायचा, "काय केलंन ह्या पोरानं?"

सर अध्यक्ष झाले आणि पहिल्याच आठवड्यात टाकीमागून चार मुलं घेऊन लॅबमध्ये आले. मुलांची तोंडं उतरलेली. सरांनी कपाट उघडलं.

"पाकिटं इकडे. चिठ्ठीवर नाव लिहा आणि रबरबँडने लावा. हे इथं राहील. ओढावीशी वाटली की चारनंतर यायचं, मागायची, मी देईन. गेटच्या बाहेर लांब जाऊन ओढा, माझं काही म्हणणं नाय. पण मागायच्या आधी दहा मिनिटं इथं बसायचं."

"बसून काय करायचं, सर?"

"काही नाही. पाणी प्यायचं."

मुलं बाहेर गेल्यावर मी सरांना म्हटलं, हा कसला न्याय? सर स्टुलावर बसले आणि खडू आपटत म्हणाले, "आमच्या वाडीत माणूस कोणाकडे मनातलं बोलायला जातो ना, तो आधी काय म्हणतो माहीत आहे? 'जरा तंबाखू दे रे.' तंबाखू त्याच्या खिशातही असते. पण तसाच कसा शिरणार कोणाच्या पडवीत? मग समोरचा चंची काढतो, चुना लावतो, मळायला घेतो. मळून होईस्तोवर ह्याचं तोंड उघडतं. आता ह्या पोरांनी कोणाकडे काय मागायचं?"

मुलं कपाटाला 'लॉकर' म्हणायला लागली. चारनंतर लॅबमध्ये कोणी ना कोणी बसलेलं असे. खोली करून राहणारी डोंगरातली पोरं, घरातलं पहिलंच माणूस कॉलेजात आलेलं, गावाकडे फोन केला तर आई विचारणार 'जेवलास का', बाप विचारणार 'पास होशील ना', आणि तिसरा प्रश्न कोणाकडेच नाही. ती येत, स्टुलावर बसत, बीकर साफ आहे ना ते बघून पाणी पीत. सर प्रयोगवह्या तपासत राहत. मान वर करत नसत. दहा मिनिटांचा अर्धा तास होई. मग मुलगा उठे, दारापर्यंत जाई, आणि सर म्हणत, "अरे, न्यायची राहिली की तुझी." "राहू दे सर, उद्या." कपाटातली कित्येक पाकिटं अशी वाळून गेली. पोरं पदवी घेऊन गेली तरी नावासकट आतच होती.

त्यांतला रूपेश मला चांगला आठवतो. पोलादपूरकडचा, अंगाने काटकुळा. सकाळी कॉलेज करून दुपारची शिफ्ट धरायचा, एमआयडीसीत, कंत्राटावर. चारनंतर त्याला जमत नसे, म्हणून तो पहिल्या तासाआधी येऊन दिवसाची एक घेऊन जायचा. एकदा सरांनी विचारलं, "रूपेश, तू पहिल्या वर्षाला तर ओढत नव्हतास."

"तिथं गेल्यावर लागली, सर. जे ओढतात त्यांना साडेसहाला दहा मिन्टं गेटच्या भायेर सोडतात. जो ओढत नाय त्याला कोण सोडतंय? त्यानं काम करायचं."

"मग तू नुसता बाहेर जा ना. उभा राहा. पेटवलीस की नाही ते कोण बघतं?"

रूपेशने जरा विचार केला. "एकटाच नुसता उभा राहून काय करू, सर?"

मी तिथेच होतो. यावर एखादं सुभाषित टाकावं म्हणून मी घसा साफ केला, तेवढ्यात सर म्हणाले, "मला फोन कर."

आणि तो करायला लागला. रोज साडेसहाला. त्या वेळी आम्ही बहुतेक चवदार तळ्याला फेरी मारत असू. फोन वाजला की सर मला हाताने 'तू चाल पुढे' म्हणून खुणावत आणि पायरीवर बसत. मी फेरी पुरी करून येईपर्यंत त्यांचं चालू असे, म्हणजे रूपेशचं. सर नुसतं "हं... मग?... हं..." एकदा मी विचारलं, काय बोलतो हो एवढं? म्हणाले, "कँटीनच्या डाळीत आज मीठ नव्हतं म्हणाला." मी हसलो. सर हसले नाहीत. "चांगली बातमी आहे. काल म्हणत होता नोकरी सोडून पळून जाईन."

हुक्क्याचं प्रकरण मात्र सिगरेटीहून मोठं झालं. चार मुलांनी मिळून शहरात खोली घेतली होती. एकाचा भाऊ मुंबईला हॉटेलात कामाला. हुक्के बंद करायचा हुकूम निघाल्यावर त्या हॉटेलातला एक हुक्का भावाबरोबर गावी आला आणि गावाहून पोरांच्या खोलीत. निळ्या काचेचा, कमरेएवढा, साप गुंडाळल्यासारखी नळी. रविवारी दुपारी पोरं दारं-खिडक्या लावून, आत कोळसा पेटवून बसली. तासाभराने एक पोरगा आडवा झाला. बाकीच्यांनी डॉक्टरला नाही, सरांना फोन केला.

सर गेले, आधी खिडक्या उघडल्या, पोराला उचलून पायरीवर आणला, मग रिक्षा करून डॉक्टरकडे. संध्याकाळपर्यंत तो ठीक झाला. सरांनी कोणाला शिव्या घातल्या नाहीत. हुक्का तेवढा बगलेत मारून घरी नेला. महाडच्या रस्त्यातून कानावर खडूची रेघ आणि बगलेत हुक्का घेऊन चाललेले केमिस्ट्रीचे प्राध्यापक ज्यांनी पाहिले, ते अजून सांगतात.

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या चौघांना लॅबमध्ये बोलावलं. मलाही बोलावलं. "साक्षीदार हवा," म्हणाले.

"पाण्यातनं येतो, सर," ज्याचा हुक्का होता तो म्हणाला. "सगळी घाण पाण्यात राहते. वर हर्बल हाय. डबल सफरचंद."

"सफरचंद खायला काय झालं होतं रे?" सर म्हणाले. त्यांनी हुक्का टेबलावर उभा केला, नळीच्या टोकाला काचेची नळी, तिच्यात पांढराशुभ्र कापूस, आणि मागे ओढायला पंप. मला म्हणाले, "मराठी, पंप लावतोय तोवर कोळसा जरा फुलव."

कोळसा फुलवायचा म्हणजे फुंकायचा. समोर नळीचं तोंड दिसत होतं. मी ते तोंडात धरलं आणि सगळा जीव एकवटून फुंकलं. हुक्का ओढायचा असतो, फुंकायचा नसतो, हे आमच्या अभ्यासक्रमात नव्हतं. खालचं पाणी सरळ वर चढलं, कोळशावरून उसळलं आणि माझ्या शर्टावर, सरांच्या वह्यांवर, त्या मुलाच्या डोक्यावर आलं. चौघंही पोरं, काल मरता मरता वाचलेली, पोट धरून हसली. सरसुद्धा हसले. डोळे पुसत म्हणाले, "तुला ह्याचं व्यसन लागायचं नाय, मराठी. परमेश्वराने तुला अंगचंच संरक्षण दिलंय."

मग पुन्हा पेटवला. पंप चालू झाला, पाणी गुडगुडलं, आणि आमच्या देखत तो कापूस आधी पिवळा, मग चहासारखा झाला. सरांनी चिमट्याने तो काढून त्या मुलाच्या तळहातावर ठेवला. "हा पाण्यातून गाळून आलेला. आणि कोळशाचा जो वायू काल तुम्हाला भोवला ना, तो तर कापसातही दिसत नाही." पोरगा हाताकडे बघत राहिला. सरांनी हुक्का पुसला आणि कपाटात ठेवला. त्यालाही चिठ्ठी. "हवा असेल तेव्हा माग." कोणी मागितला नाही. पण त्या चौघांनी वर्षभर चारनंतरची लॅबची पायरी सोडली नाही.

आता माझा अहवाल.

कॉलेजचं मूल्यांकन करायला बाहेरची समिती येते. तिच्यासाठी कॉलेजला आपले दोन उत्तम उपक्रम लिहावे लागतात. आमचा पहिला ठरलेला: वृक्षारोपण. तो दर वर्षी नव्याने करता येतो, कारण आदल्या वर्षीची झाडं शेळ्या खातात. दुसऱ्याची जागा कोरी होती. भाषा बरी म्हणून ती भरायचं काम माझ्याकडे आलं. मला कपाट आठवलं. सरांना अचानक आनंद द्यावा म्हणून विचारलं नाही. 'विद्यार्थ्यांच्या भावनिक गरजेनुसार प्राध्यापकांच्या हस्ते सिगरेटचे प्रेमपूर्वक वितरण', असं मी लिहिलं. 'प्रेमपूर्वक' हा शब्द मला जेवताना सुचला आणि मी डाव्या हाताने टिपून ठेवला. प्राचार्यांनी न वाचता सही केली. माझं काहीच ते वाचत नाहीत.

समिती आली. अध्यक्ष मृदू बोलणारे गृहस्थ होते. अहवालाचं पान बोटाने दाबून त्यांनी विचारलं, "हे... प्रेमपूर्वक वितरण... कुठे होतं?"

प्राचार्यांचा चेहरा बघायला मी थांबायला हवं होतं. मी उठलोच. "या ना सर! दाखवतो!"

आणि मी, स्वतः पुढे चालत, त्या सगळ्यांना लॅबमध्ये घेऊन गेलो. सरांना म्हटलं, "सर, कपाट उघडा. पाहुणे आलेत."

सरांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग कपाट उघडलं. नाव लावलेली तीसेक पाकिटं, ओळीत. वरच्या फळीवर निळा हुक्का.

"तुम्ही विद्यार्थ्यांना सिगरेट देता?" अध्यक्षांनी विचारलं.

"हो. मागितली तर. बहुतेक मागत नाहीत."

"मग येतात कशाला?"

"बसायला," सर म्हणाले. अध्यक्षांनी पहिलं उत्तर लिहून घेतलं. दुसऱ्यासाठी त्यांच्या तक्त्यात रकाना नसावा.

प्राचार्य पुढे झाले. "उतेकर, ही नावं मला हवीत. सगळ्यांच्या पालकांना बोलावतो. आजच."

"देतो की," म्हणत सर कपाटाशी गेले. एकेका पाकिटाचा रबरबँड काढला, चिठ्ठ्या एका मुठीत गोळा केल्या. टेबलावर सकाळच्या प्रॅक्टिकलचं सल्फ्युरिक ॲसिड होतं, पाणी न घातलेलं. त्यांनी मूठ बीकरवर उघडली. कागद तपकिरी झाला, मग काळा झाला, मग नावं राहिली नाहीत.

सर काचेच्या कांडीने ढवळत प्राचार्यांना म्हणाले, "साखरेचंही असंच होतं, सर."

पोरं वाचली. सरांना नोटीस आली, खुलासा द्यावा लागला, व्यसनमुक्ती समिती काढून घेतली, लॅबची किल्ली रोज चारला ऑफिसात जमा करायची असं ठरलं आणि बाहेरच्या पॅसेजमध्ये कॅमेरा लागला. नोकरीचं शेवटचं वर्ष होतं. मला कोणी काही म्हटलं नाही. सर तर नाहीच. स्टाफरूममधून जाताना फक्त एकदा थांबले. "भाषा छान होती रे, मराठी."

त्यानंतर चारला लॅबला कुलूप लावून, किल्ली देऊन सर पॅसेजमधल्या लाकडी बाकावर येऊन बसत. घरी लवकर जाऊन करायचं काय? मुलं समोरून जात. "नमस्ते सर" म्हणत, कॅमेऱ्याकडे एक नजर टाकत आणि पुढे जात. पुढे ती कुठे जात हे टाकीमागच्या धुरावरून कळे. नवीन वर्षाच्या मुलांना तर तो बाकावरचा माणूस कोण, हेही माहीत नव्हतं. एका पोराने त्यांना शिपाई समजून झेरॉक्स कुठे मिळते ते विचारलं. सरांनी त्याला झेरॉक्सपर्यंत नेऊन सोडलं. तेवढाच वेळ गेला.

त्याच दिवाळीत रूपेशला पनवेलकडे कायमची नोकरी लागली. त्याने कळवलं, "सर, सिगरेट सुटली एकदाची. आता दिवसाची शिफ्ट हाय, बरोबर चांगली मानसं हायत." सर इतके खूश झाले की स्टाफरूममध्ये पेढे वाटले. मग साडेसहाचा फोन बंद झाला. तळ्याच्या फेरीत साडेसहा झाले की सर खिशातून फोन काढत, काच शर्टाला पुसत आणि परत ठेवत. मी दुसरीकडे बघे.

हे सगळं माझ्या 'प्रेमपूर्वक'मुळे झालं होतं. काहीतरी करायला हवं होतं. मी गेटपासून लांबच्या टपरीवर गेलो आणि सिगरेटचं पाकीट मागितलं.

"कुठलं?" टपरीवाला.

"चांगलं असेल ते."

"कोणासाठी, सर?"

"मलाच."

त्याने पाकीट काढलं, पण हातातच धरून ठेवलं. "घरी सगळं बरं हाय ना, सर?"

चारनंतर मी पाकीट घेऊन बाकावर सरांच्या शेजारी बसलो. "सर, मला लागलीय. हे तुमच्याकडे ठेवून घ्या. मागेन तेव्हा द्या."

सरांनी पाकीट हातात घेतलं, उलटसुलट केलं. "मराठी, ओढणारा माणूस आधी वरचं प्लास्टिक काढतो."

सरांनी पाकीट खिशात टाकलं. "बस. काय अडचण आहे?"

आता अडचण तयार करून आणायची हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी बायकोच्या ब्लडप्रेशरपासून सुरुवात केली आणि बघता बघता मेहुण्याशी असलेल्या भांडणापर्यंत गेलो. तासभर बोललो. सर "हं... मग?... हं..." उठलो तेव्हा मला फार हलकं वाटलं.

मग मी रोज जायला लागलो. सरांना सोबत व्हावी म्हणून. माझी दुःखं संपली, मग बायकोची सांगितली, मग शेजाऱ्यांची. बायको एकदा म्हणाली, "हल्ली घरी फार शांत असता तुम्ही. बरं वाटतं." मी मनात म्हटलं, चांगल्या कामाचं फळ घरपोच मिळतं.

सर निवृत्त झाले. शाल, नारळ, माझं भाषण. मुलगा डोंबिवलीला चला म्हणत होता. सर महाडच्या खोल्या सोडून वाडीवर गेले. शेजारचं घर त्यांच्या मोठ्या भावाचं. भाऊ नाही, वहिनी एकटीच असते. एवढीच दोन दारं बारमास उघडी.

मे महिन्यात सरांचा फोन आला. "मराठी, एकदा येऊन जा. जरा बोलायचंय."

"काय, सर?"

"फोनवर नको. ये."

इतक्या वर्षांत त्यांनी मला असं कधी बोलावलं नव्हतं. मला वाटलं, अहवालाचं शल्य असणार. मी त्याबद्दल माफी कधी मागितलीच नव्हती. आता मागायची, नीट, सविस्तर. पोलादपूरहून वाडीची एसटी धरली आणि वाटेत मुद्दे जुळवत गेलो.

सर पडवीत वाट बघत होते. दाढी घोटलेली, इस्त्रीचा शर्ट, त्या उन्हात. माझ्यासाठी खुर्ची पुसून ठेवलेली, समोर त्यांची. "ये. बस. पाणी पी."

मी पाणी प्यालो आणि सुरू केलं. अहवाल लिहिताना माझ्या मनात काय होतं, ते सांगितलं. 'प्रेमपूर्वक' कसा सुचला, ते सांगितलं. मग त्यानंतर मला किती त्रास झाला, झोप कशी लागत नसे, स्टाफरूममध्ये कोण काय कुजबुजलं. सर मध्ये म्हणाले, "ते राहू दे रे. मला काय म्हणायचंय—"

"नाही सर, आज मला बोलू द्या."

त्यांनी बोलू दिलं. वहिनींनी भाकरी वाढली तेव्हा मी नोटिशीवर आलो होतो. आमसुलाचं सार पिताना सर पुन्हा म्हणाले, "मराठी, ऐक—" आणि मला नेमका तेव्हाच टपरीवाल्याचा किस्सा आठवला. तो सांगितला. सर हसले. माझे डोळे भरून आले होते, त्यामुळे मी पुढचं जरा सावकाश सांगितलं. इतक्यात खालच्या वळणावर एसटीचा हॉर्न वाजला. तीन तास झाले होते.

सर थांब्यापर्यंत आले. वहिनीही करवंदांची पाटी घेऊन पोलादपूरच्या बाजाराला निघाल्या होत्या. चढण्याआधी मी सरांच्या पाया पडलो. "सर, मनात ठेवू नका."

गाडी सुटली तेव्हा सर रस्त्याच्या कडेला करवंदीच्या जाळीला लागून उभे होते. हात वर केलेला, तोही अर्धाच. तोंड किंचित उघडं होतं, बोलायला सुरुवात करताना असतं तसं. मग वळण आलं. त्या संध्याकाळी मी त्यांना फोन करून विचारलं, "सर, तुम्हाला काही बोलायचं होतं का?" का विचारलं ते सांगतोच. ते म्हणाले, "असंच रे. पुढच्या वेळी." पुढच्या वेळेआधी पावसाळा लागला, आणि एका सकाळी वहिनींनी दार ठोठावलं तर आतून कोणी उघडलं नाही.

पण तेव्हा, त्या एसटीत, मी खूश होतो. वहिनी शेजारी बसल्या होत्या, पाटी मांडीवर. मी मोठा श्वास सोडला आणि त्यांना म्हटलं, "बरं झालं आलो, वहिनी. मन अगदी मोकळं झालं."

"तुमचं झालं," वहिनी म्हणाल्या.

मी त्यांच्याकडे बघितलं.

"भावोजी पहाटंपासनं दाढी करून बसलेले. आठ दिस एकच, मराठीला सांगायचं हाय, मराठीला सांगायचं हाय."

"काय सांगायचं होतं?"

"मला सांगण्यासारकं असतं तर तुम्हाला कशाला बोलावलं असतं?" त्यांनी पाटीवरचं फडकं नीट केलं. "मास्तर, एवढं शिकलात, पन तोंड मिटायला काय घेता हो तुम्ही?"